मेडिकल कॉलेजवर लक्ष कोण ठेवतं? एमसीआय, एनएमसी, इन्स्पेक्शन, फी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नीटचा निकाल लागला की मला तेच ते मेसेज यायला लागतात. कॉलेज खरं आहे का, फी कोण ठरवतं, इन्स्पेक्शन म्हणजे नाटक असतं का, तक्रार केली तर पोराचं काय होईल. आधी प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर द्यायचो, आता हात दुखतात म्हणून सगळं एकत्र लिहून टाकलंय. मी वकील नाही, डॉक्टर आहे, काही वर्षं मेडिकल कॉलेजात शिकवलंय, त्यामुळे इन्स्पेक्शन वॉर्डाच्या आतून बघितलंय. नियम सारखे बदलतात, पैसे भरायच्या आधी ताजं परिपत्रक स्वतः बघा.

१. एनएमसी म्हणजे नक्की काय? नीट तेच घेतात ना?

एनएमसी म्हणजे नॅशनल मेडिकल कमिशन, देशातल्या मेडिकल शिक्षणावर लक्ष ठेवणारा आयोग. नीट ते घेत नाहीत, आणि हा गोंधळ जवळजवळ प्रत्येकाचा असतो. नीट-यूजी एनटीए ही केंद्राची परीक्षा घेणारी संस्था घेते (२०१९ पासून, त्याआधी सीबीएसई घ्यायची), नीट-पीजी एनबीईएमएस हे वेगळं केंद्रीय मंडळ घेतं. ऑल इंडिया कोट्याचं आणि डीम्डचं (म्हणजे स्वतःच विद्यापीठाचा दर्जा असलेल्या संस्थांचं) काउन्सेलिंग केंद्राची मेडिकल काउन्सेलिंग कमिटी (एमसीसी) करते, महाराष्ट्रातलं सीईटी सेल. परीक्षा आणि डिग्री आपल्याकडे नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची, डीम्डवाल्यांची त्यांची स्वतःची. मग एनएमसीकडे राहिलं काय, तर कॉलेज काढायला परवानगी, सीट किती, बेड आणि शिक्षक किती पाहिजेत, अभ्यासक्रम काय, आणि डॉक्टरांचं राष्ट्रीय रजिस्टर. पेपर फुटला म्हणून लोक एनएमसीला शिव्या घालतात, पत्ता चुकलेला असतो.

२. एमसीआय का बंद केली? भ्रष्टाचार, एवढंच ना?

भ्रष्टाचार होताच, पण गोष्ट त्याहून लांबलचक आहे. एमसीआय म्हणजे मेडिकल कौन्सिल ऑफ इंडिया, एनएमसीच्या आधीची नियामक परिषद, १९३४ पासूनची, नंतर १९५६ च्या कायद्याखाली चालायची. १९९३ मध्ये कायदा बदलून नवीन कॉलेजला केंद्राची परवानगी सक्तीची झाली आणि ती परवानगी एमसीआयच्या इन्स्पेक्शन रिपोर्टवर ठरायला लागली, म्हणजे खाजगी कॉलेजांची लाट यायला आणि सगळ्या चाव्या एका कपाटात जायला एकच गाठ पडली. २००१ मध्ये दिल्ली हायकोर्टाने त्यावेळच्या अध्यक्षांना पदावरून दूर करायला सांगितलं. २०१० मध्ये लाच प्रकरणात सीबीआयने अध्यक्षांनाच अटक केली, सरकारने परिषद बरखास्त केली आणि बोर्ड ऑफ गव्हर्नर्स बसवलं. सगळ्यांना वाटलं आता सुटलो. २०१३ च्या शेवटी परिषद पुन्हा उभी, जणू काही झालंच नाही.

मार्च २०१६ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने एमसीआयवर ९२वा अहवाल दिला, तो वेळ असेल तर खरंच वाचा, सरकारी भाषेत इतकं सडेतोड क्वचित लिहिलेलं असतं. त्याच वर्षी मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने निवृत्त सरन्यायाधीश लोढांची समिती एमसीआयवर देखरेखीला बसवली. २०१८ मध्ये वटहुकूमाने परिषद परत बरखास्त, २०१९ मध्ये एनएमसी कायदा, आणि २५ सप्टेंबर २०२० पासून एनएमसी प्रत्यक्षात सुरू.

३. मग नाव बदललं, बाकी काय बदललं? पाटी नवीन दुकान जुनं असंच वाटतं.

अर्धं बरोबर आहे तुमचं. कागदावर बदललेली मोठी गोष्ट म्हणजे कामाची वाटणी. आधी नियम बनवणारे, तपासणारे आणि डॉक्टरांची शिस्त बघणारे एकच लोक होते. आता चार स्वायत्त मंडळं आहेत: पदवीचं, पदव्युत्तरचं, कॉलेजांची तपासणी आणि रेटिंग करणारं (एमएआरबी, लोक नुसतं मार्ब म्हणतात) आणि नोंदणी व नीतिमत्तेचं. अध्यक्ष आणि सदस्य जास्तीत जास्त ४ वर्षं, पुन्हा नेमणूक नाही. मालमत्तेचं विवरण द्यायचं, धंद्यातले हितसंबंध सांगायचे, आणि पद सोडल्यावर २ वर्षं ज्या खाजगी संस्थेची फाईल हाताळली तिथे नोकरी किंवा सल्लागारी घ्यायची नाही. मला विचाराल तर हे शेवटचं कलम अख्ख्या कायद्यातलं सगळ्यात शहाणं कलम आहे, आणि त्याबद्दल कुणी विचारतच नाही.

बदललं नाही ते हे की कॉलेजचं नशीब अजूनही काही मोजक्या लोकांच्या एका रिपोर्टवर ठरतं. प्रश्न ५ बघा.

४. निवडून आलेले डॉक्टर काढून सरकारने आपली माणसं बसवली, याला सुधारणा कशी म्हणायची?

आयएमएने, म्हणजे डॉक्टरांच्या देशव्यापी संघटनेने, हाच आक्षेप घेतला होता, २०१९ मध्ये त्यावरून संपही झाले. एनएमसीत ३३ जण आहेत, १ अध्यक्ष, १० पदसिद्ध आणि २२ अर्धवेळ. त्या २२ मध्ये ९ जण राज्य परिषदांकडून आलेले, १० राज्यांनी सुचवलेले (बहुतेक आरोग्य विद्यापीठांचे कुलगुरू) आणि ३ कायदा, व्यवस्थापन, रुग्णहक्क वगैरे क्षेत्रांतले. म्हणजे डॉक्टर भरपूर आहेत, पण थेट मतदानाने आलेले फार थोडे.

माझं मत विचारताच म्हणून सांगतो. जुन्या निवडणुकांचं मला अजिबात प्रेम नाही, त्या कशा लढवल्या जायच्या ते बघितलेल्यांना विचारा. पण नेमलेला माणूस नेमणाऱ्याकडे बघून काम करतो हेही खरंच आहे. त्यामुळे निवडलेला की नेमलेला यावर भांडण्यापेक्षा त्यांनी घेतलेल्या निर्णयाची कारणं आणि इन्स्पेक्शनचे रिपोर्ट सगळ्यांना वाचायला मिळतात का यावर भांडावं असं मला वाटतं. ते अजूनही पुरते मिळत नाहीत.

५. इन्स्पेक्शनला भाड्याचे पेशंट, भाड्याचे प्रोफेसर आणतात म्हणे. हे अजून चालतं का?

आधी जुनं सांगतो. मी इंटर्न असताना इन्स्पेक्शनच्या सकाळी आमच्यातल्या दहा-बारा जणांना मेडिसिनच्या वॉर्डात पेशंट म्हणून झोपवलं होतं. माझ्या केसपेपरवर गॅस्ट्रो लिहिलेलं, सलाईनचा स्टँड शेजारी, सुई हातावर फक्त चिकटवलेली. टीम वॉर्ड ओलांडून गेली आणि दुपारी त्याच हाताला चिकटपट्टी असताना मी कँटीनमध्ये मिसळ खात होतो. कॉलेजचं नाव विचारू नका. प्रोफेसरांचं वेगळंच, अकराच्या आत हेडकाउंट व्हायचा, त्यासाठी आदल्या रात्री बाहेरगावाहून गाड्या भरून मंडळी यायची, डिक्लेरेशन फॉर्म भरायची, फोटो काढायची आणि संध्याकाळी परत. त्यांना घोस्ट फॅकल्टी म्हणतात, भूत दिसत नाही पण पगारपत्रकात असतं.

आता त्यावर उपाय म्हणून आधार जोडलेली बायोमेट्रिक हजेरी आली, शिक्षकांची किमान ७५ टक्के हजेरी पाहिजे हा नियम आला, सीसीटीव्ही आला. २०२३ मध्ये या हजेरीतल्या आणि कॅमेऱ्यातल्या त्रुटींवरून देशभर कॉलेजांना नोटिसा गेल्या. मग लोकांनी अंगठ्यावरही उपाय शोधले, म्हणून १ मे २०२५ पासून चेहरा ओळखून आणि मोबाईलचं लोकेशन बघून हजेरी सक्तीची झाली. याने फरक पडला, खोटं बोलायचं नाही. रोज खरंच कॉलेजात यावं लागल्याने काही ‘प्रोफेसरांनी’ राजीनामे दिले, मला माहीत असलेले दोन.

पण हजेरी लावलेला माणूस शिकवतोय का हे मशीन सांगत नाही. आणि जून २०२५ च्या शेवटी सीबीआयने जो गुन्हा नोंदवला त्यात ३० हून जास्त नावं आहेत, आरोग्य मंत्रालयातले कर्मचारी, असेसर (तपासणीला जाणारे) डॉक्टर आणि कॉलेजवाले. आरोप असा की इन्स्पेक्शन कधी आणि कोण करणार ही गुप्त माहितीच विकली जात होती. अजून आरोपच आहेत, कोर्टात ठरेल. पण बघा, म्हणजे अचानक तपासणीचा नियम केला की ‘अचानक’ या शब्दालाच भाव येतो.

सरकारी कॉलेजं धुतल्या तांदळासारखी आहेत असं समजू नका. नवीन सरकारी कॉलेजच्या तपासणीसाठी जुन्या कॉलेजातल्या शिक्षकांच्या काही दिवसांपुरत्या बदल्या करणं हा आपल्याकडचा जुना खेळ आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्रात एका दमात १० नवीन सरकारी कॉलेजं सुरू झाली, तेव्हा एवढे शिक्षक कुठून येणार हा प्रश्न विचारणं म्हणजे विकासाला विरोध नव्हे.

६. आता इन्स्पेक्शनच होत नाही, कॉलेज स्वतःच फॉर्म भरतं, असं ऐकलं. खरं का?

बऱ्यापैकी खरं. आता कॉलेजला दरवर्षी स्वतःची माहिती ऑनलाईन जाहीर करावी लागते, सोबत हजेरीचा आणि हॉस्पिटलचा डेटा बघितला जातो, आणि मार्बला वाटलं तर नोटीस न देता तपासणी करता येते किंवा बाहेरच्या एजन्सीकडून करून घेता येते, तसं कायद्यातच आहे. खोटी माहिती दिली तर २०२३ च्या नियमांनुसार कॉलेजला १ कोटी रुपयांपर्यंत दंड, आणि खोटी कागदपत्रं देणारे डीन, विभागप्रमुख, डॉक्टर यांना वैयक्तिक ५ लाखांपर्यंत. शिवाय सीट कमी करणं, ऍडमिशन थांबवणं हे आहेच.

१ कोटी ऐकायला मोठा वाटतो. पण १५० सीटचं खाजगी कॉलेज एका वर्षाला फीमधून किती गोळा करतं याचा हिशोब एकदा कागदावर मांडा, मग मला सांगा.

७. कॉलेजला मान्यता आहे की नाही हे घरबसल्या कसं बघायचं?

एनएमसीच्या वेबसाईटवर कॉलेजांची यादी आहे, राज्य निवडा, त्यात कॉलेजचं नाव, कधी सुरू झालं, सरकारी की ट्रस्टचं, कोणत्या विद्यापीठाला जोडलेलं आणि मंजूर सीट किती हे दिसतं. माहितीपुस्तकात २०० सीट आणि यादीत १५० असेल तर थांबा.

इथे एक शब्दांचा सापळा आहे. नवीन कॉलेजला आधी परवानगीपत्र मिळतं, ज्याला सगळे एलओपी म्हणतात. डिग्रीला मान्यता पहिली बॅच शेवटच्या वर्षाला पोचली की मिळते. त्यामुळे ‘परमिटेड’ म्हणजे बोगस असं नाही, सगळीच नवीन कॉलेजं त्या टप्प्यातून जातात, पण पहिल्या-दुसऱ्या बॅचच्या मुलांची जोखीम जास्त असते हे खरं (ती काय, ते प्रश्न १४ मध्ये). पीजीचं तर प्रत्येक विषयाचं वेगळं बघायचं, मेडिसिनला मान्यता आहे म्हणून रेडिओलॉजीला असेलच असं नाही.

८. कॉलेज बघायला जाणार आहोत, काय बघू? किती बेड, किती शिक्षक पाहिजेत?

२०२३ च्या नियमांनुसार १०० सीटना ४२० बेड आणि १५० सीटना ६०५ बेड, शिक्षक अनुक्रमे ८५ आणि ११४, आणि बेड वर्षभरात ८० टक्के भरलेले पाहिजेत. आकडे पाठ करत बसू नका. मंगळवार-बुधवारी सकाळी दहाला, कुणालाही न सांगता, पेशंटचे नातेवाईक असल्यासारखे ओपीडीत जाऊन बसा. केसपेपरच्या खिडकीवर रांग आहे का, लेबर रूमच्या बाहेर माणसं आहेत का, कॅज्युअल्टीत रात्रीच्या केसेसची धांदल आहे का. संगमरवरी लॉबी आणि रिकामा वॉर्ड असेल तर तुमच्या मुलीला पाच वर्षांनी टाके घालायलासुद्धा येणार नाही. मग थर्ड इयरच्या दोन-तीन मुलांना चहाला घेऊन जा, त्यांना सगळं माहीत असतं, पीआरओला नसतं.

कॉलेजच्या वेबसाईटवर शिक्षकांची यादी, मंजूर सीट, प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांची यादी, निकाल आणि पेशंटचे आकडे टाकणं अपेक्षित आहे. यादीतल्या चार-पाच शिक्षकांची नावं सहज शोधून बघा, एखादे ‘पूर्णवेळ प्रोफेसर’ तीनशे किलोमीटरवर रोज सकाळी ओपीडी चालवत असतील तर तुम्हालाच कळेल.

९. खाजगी कॉलेजात ५० टक्के सीटला सरकारी फी असा नियम झालाय ना? मग आमच्याकडून एवढी का घेतात?

या प्रश्नाने मला वर्षातून शंभरदा छळलंय. कायद्यात एनएमसीला खाजगी आणि डीम्डमधल्या ५० टक्के सीटच्या फीसाठी मार्गदर्शक तत्त्वं बनवायचा अधिकार आहे. त्यानुसार ३ फेब्रुवारी २०२२ ला एक ज्ञापन निघालं की या सीटची फी त्या राज्यातल्या सरकारी कॉलेजएवढी असावी. बातम्यांनी ‘आता खाजगीत सरकारी फी’ असं छापलं आणि लोकांनी ते जपून ठेवलं. पण मार्गदर्शक तत्त्व म्हणजे फी ठरवणं नाही, प्रकरण कोर्टातही गेलं, आणि प्रत्यक्ष फी आपल्याकडे २०१५ च्या कायद्याखालचं शुल्क नियामक प्राधिकरण, म्हणजे एफआरए, कॉलेजचा खर्च बघून मंजूर करतं. कॉलेजवार मंजूर फी तिथे बघायला मिळते. इन्स्टिट्यूशनल आणि एनआरआय कोट्याचा हिशोब वेगळा आणि बराच जड.

डीम्ड विद्यापीठं एफआरएखाली येत नाहीत. त्यांच्याबाबतीत एक चांगली गोष्ट अलीकडे झाली, मे २०२५ मध्ये सीट अडवून ठेवण्याच्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सगळ्या खाजगी आणि डीम्ड संस्थांनी काउन्सेलिंगच्या आधीच ट्यूशन, हॉस्टेल, डिपॉझिट, इतर असा पूर्ण तपशील जाहीर करायचा. केस पीजीची होती, पण यूजीवाल्यांनीही तोच तपशील लेखी मागायला काय हरकत आहे. मेस, जिम, युनिफॉर्म, ‘डेव्हलपमेंट’ असली भुतं त्या ‘इतर’ मध्ये राहतात.

१०. कॉलेजने मंजूर फीपेक्षा जास्त, तेही कॅश मागितली. द्यावी का? सगळेच देतात.

देऊ नका एवढंच मी सांगू शकतो, तुमच्या जागी मी असतो तर माझी काय अवस्था झाली असती हे मात्र मला माहीत नाही. कॅपिटेशन फी, म्हणजे सीटसाठी मंजूर फीच्या वर घेतलेले पैसे, महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे, आणि सुप्रीम कोर्टाने टीएमए पै (२००२) आणि इनामदार (२००५) या दोन्ही निकालांत नफेखोरी आणि कॅपिटेशन चालणार नाही असं म्हटलंय. सीट काउन्सेलिंगमधून मिळाली असेल तर ती तुमच्या मेरिटची आहे, कॉलेजला कॅशसाठी अडवता येत नाही. मागणी तोंडी असेल तर तुम्हीच ईमेल करा, ‘आज अमुक रक्कम मागितली, कृपया पावतीसह तपशील द्यावा’. नव्वद टक्के वेळा त्या ईमेलला उत्तर येत नाही आणि मागणीही गायब होते. ऍडमिशन नाकारली तर त्याच दिवशी सीईटी सेलला (डीम्ड असेल तर एमसीसीला) कळवा, राऊंडची मुदत संपल्यावर नाही. बाकी तक्रारीचं प्रश्न १३ मध्ये.

११. इंटर्नशिपमध्ये स्टायपेंड देत नाहीत, किंवा खात्यात टाकून परत मागतात. हे कुणाच्या अखत्यारीत?

२०२१ च्या इंटर्नशिप नियमात सगळ्या इंटर्नना स्टायपेंड द्यायचा असं आहे, पण किती ते ‘संबंधित प्राधिकरण ठरवेल’ असं लिहून ठेवलंय, आणि त्या फटीतून हत्ती जातो. सुप्रीम कोर्टात हा विषय गेला तेव्हापासून एनएमसी कॉलेजांकडून आकडे मागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये माहिती न दिल्याबद्दल जवळपास २०० कॉलेजांना नोटीस गेली, आणि त्यात निम्म्याहून जास्त सरकारी होती, हे वाचून मीही चाट पडलो. जुलै २०२५ मध्ये परत फी आणि स्टायपेंड दोन्ही जाहीर करायला सांगितलं. खात्यात टाकून परत घेणं याचा पुरावा म्हणजे तुमचं बँक स्टेटमेंट, ते जपून ठेवा, एकेकट्याने बोलण्यापेक्षा अख्ख्या बॅचने एकत्र सही करून द्या.

१२. माहिती अधिकारात खाजगी कॉलेजची माहिती मिळते का? कॉलेज म्हणतं आम्हाला आरटीआय लागू नाही.

कॉलेज कदाचित बरोबर बोलत असेल, पण तुम्ही कॉलेजला विचारूच नका. एनएमसी, आरोग्य विद्यापीठ, सीईटी सेल, एफआरए हे सगळे सार्वजनिक प्राधिकरण आहेत, आणि कॉलेजने त्यांना दिलेला प्रत्येक कागद त्यांच्या कपाटात आहे. आरटीआय कायद्याच्या कलम २(च) मध्ये माहितीच्या व्याख्येतच आहे की खाजगी संस्थेबद्दलची जी माहिती सार्वजनिक प्राधिकरणाला दुसऱ्या कायद्याने मिळवता येते तीसुद्धा माहितीच. म्हणजे प्रश्न कॉलेजबद्दल, अर्ज नियामकाकडे.

काय मागायचं ते नेमकं लिहा. ‘अमुक कॉलेजची सगळी माहिती द्या’ याला कचऱ्याची टोपली आहे. ‘अमुक कॉलेजच्या अमुक शैक्षणिक वर्षाच्या तपासणी अहवालाची प्रत, त्यात दाखवलेल्या त्रुटी, कॉलेजने दिलेला खुलासा आणि त्यावरचा निर्णय’ असं मागा. फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत, नाही आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, मग ९० दिवसांत आयोगाकडे दुसरं. एनएमसी केंद्राची म्हणून अर्ज केंद्राच्या पोर्टलवर, विद्यापीठ आणि सीईटी सेल राज्याचे म्हणून राज्याच्या. राज्याच्या अर्जाला १५० शब्दांची मर्यादा आणि एका अर्जात एकच विषय, हे विसरलात तर तेवढ्यावरच परत पाठवतात, माझा एक अर्ज असाच परत आलाय.

नकार येतो तो ठरलेला, ‘व्यापारी गुप्तता’, ‘विश्वासाने दिलेली माहिती’ किंवा ‘वैयक्तिक माहिती’. शिक्षकांची नावं आणि हजेरी मागितली की हमखास तिसरा. डेटा संरक्षण कायद्याने हे वैयक्तिक माहितीचं कलम अजून कडक केलंय, त्यामुळे एकेका माणसाची हजेरी मागण्याऐवजी विभागवार मंजूर पदं किती, भरलेली किती, ७५ टक्क्यांखाली किती असे आकडे मागा. कुणाचं नावच मागितलेलं नसलं की नाकारायलाही कारण उरत नाही. आणि अपिलात कलम ८(२) लिहा, सार्वजनिक हित जास्त असेल तर सूट असलेली माहितीही देता येते.

१३. तक्रार कुठे करायची? आणि माझं नाव कॉलेजला कळलं तर?

विषयावर आहे. फी जास्त घेतली तर एफआरए, ऍडमिशन नाकारली तर सीईटी सेल किंवा एमसीसी, शिक्षक-पेशंट-बेड खोटे असतील तर एनएमसीचं मार्ब, परीक्षा आणि इंटर्नलचा छळ असेल तर विद्यापीठ, रॅगिंग असेल तर एनएमसी आणि यूजीसी दोन्हीकडे अँटी रॅगिंगची सोय आहे आणि पोलिसातही जाता येतं. कुठेच दाद लागली नाही तर केंद्राचं तक्रार पोर्टल, तिथे निदान नंबर मिळतो आणि फाईल हलते.

नाव कळायची भीती खरी आहे, उगाच धीर देत नाही. इंटर्नलचे मार्क कॉलेजच्या हातात असतात. म्हणून शिकत असलेल्या मुलाने एकट्याने सही करू नये, पालक संघटना किंवा पास होऊन गेलेले सिनियर यांच्या नावाने जावं, आणि तक्रारीत भावना कमी, तारखा जास्त. फोटो काढताना पेशंटचा चेहरा येऊ देऊ नका, नाहीतर मूळ मुद्दा राहतो बाजूला आणि कारवाई तुमच्यावर होते.

१४. मुलगा सेकंड इयरला आहे आणि कॉलेजची परवानगी गेली. आता?

पहिली गोष्ट, परवानगी नाकारली म्हणजे बहुतेक वेळा नवीन बॅचला बंदी असते, आत असलेली मुलं शिकत राहतात. बातमीच्या मथळ्यावर जाऊ नका, आदेशाची प्रत मिळवून वाचा. कॉलेज आधी एनएमसीकडे आणि मग केंद्र सरकारकडे अपील करतं, बरेचदा हायकोर्टातही जातं, आणि मधल्या काळात चित्र दोनदा पालटतं.

कॉलेज खरंच बंद पडायच्या मार्गावर असेल तर एक कागद कामाचा आहे, राज्य सरकारचं एसेन्शियालिटी सर्टिफिकेट. कॉलेज काढताना राज्याने ते दिलेलं असतं आणि त्यात राज्याने लिहून दिलेलं असतं की संस्था सोयी उभ्या करू शकली नाही आणि ऍडमिशन थांबल्या तर आत घेतलेल्या विद्यार्थ्यांची जबाबदारी राज्य घेईल. हे वाक्य पालकांना माहीतच नसतं. मुलांना दुसऱ्या कॉलेजांत सामावून घेतल्याची उदाहरणं आहेत, पण जवळजवळ प्रत्येक ठिकाणी त्यासाठी मोर्चे, उपोषणं आणि कोर्ट लागलं, आणि मुलांचं वर्ष-सहा महिने गेले. स्वतःहून बदली मागायचा मार्ग मात्र धरून बसू नका, अशा बदल्यांवर एनएमसीचे नियम अतिशय कडक आहेत.

१५. नेक्स्ट परीक्षा येणार का? आमच्या बॅचला लागू होणार का?

नेक्स्ट म्हणजे एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला देशभर एकच परीक्षा, तिच्यावरच प्रॅक्टिसचा परवाना आणि पीजी प्रवेश. कायद्यात आहे, तारीख नाही. कायद्याप्रमाणे ३ वर्षांत यायला हवी होती, मुदत वाढली, २०२३ मध्ये २०१९ च्या बॅचला लावायची तयारी झाली, सराव परीक्षेची तारीखही पडली आणि जुलैमध्ये ‘पुढील आदेशापर्यंत’ स्थगिती आली. कल्पना मला आवडते, कारण कॉलेजचा खरा रिपोर्ट इन्स्पेक्टरपेक्षा त्याच्या मुलांचे मार्क देतील. पण क्लासवाल्यांनी ‘नेक्स्ट बॅच’च्या नावाने पैसे मागितले तर अधिसूचना दाखवा म्हणा.

१६. हे सगळं एम्स, एएफएमसी, आयुर्वेद, डेंटलला पण लागू आहे का?

एम्स, जिपमर, चंदीगडचं पीजीआय यांचे स्वतःचे कायदे आहेत, तिथे एनएमसीचा कारभार चालत नाही, एमबीबीएस प्रवेश मात्र २०२० पासून नीटनेच. पुण्याचं एएफएमसी आरोग्य विद्यापीठाला जोडलेलं आहे, त्यामुळे ते एनएमसीच्या चौकटीत, फक्त प्रवेशाची पद्धत आणि लष्करी सेवेची अट वेगळी. आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि होमिओपॅथीसाठी दोन वेगळे आयोग २०२० चे. डेंटल आणि नर्सिंगसाठी २०२३ मध्ये नवीन कायदे झाले. त्यामुळे बीएएमएसच्या फीची तक्रार एनएमसीला पाठवली तर ती तिथेच पडून राहते.

१७. परदेशात एमबीबीएस करायचंय, एजंट म्हणतो कॉलेज ‘एनएमसी अप्रूव्ह्ड’ आहे.

असं काही नसतं. एनएमसी परदेशी कॉलेजांना मान्यता देत नाही. नोव्हेंबर २०२१ च्या नियमात अटी आहेत: किमान ५४ महिन्यांचा कोर्स, इंग्रजी माध्यम, तिथेच १२ महिन्यांची इंटर्नशिप, सगळं एकाच संस्थेत, आणि त्या देशात प्रॅक्टिस करायचा परवाना मिळायला हवा. एक अट चुकली तर इथे परत येऊन डॉक्टर म्हणून नोंदणी मिळत नाही. एजंटला ‘अप्रूव्ह्ड’ हा शब्द लेटरहेडवर सहीसकट लिहून मागा, लगेच कळेल.

१८. डॉक्टरने चूक केली, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलने तक्रार फेटाळली. एनएमसीकडे अपील करू का?

विषय शिक्षणाचा नाही पण येतो सारखा. एनएमसी कायद्याच्या कलम ३० मध्ये राज्य परिषदेच्या निर्णयावर अपिलाचा हक्क डॉक्टरचा म्हणून लिहिलाय, पेशंटचा उल्लेखच नाही. पारदर्शकतेच्या नावाने आलेल्या कायद्यात हे असं राहून गेलंय आणि त्यावर बऱ्याच जणांनी आवाज उठवलाय. तोपर्यंत ग्राहक आयोग आणि हायकोर्ट हे दोन रस्ते उघडे आहेत. कुठलाही रस्ता घ्या, पण आधी हॉस्पिटलकडून केसपेपरची पूर्ण प्रत लेखी अर्ज करून मागून घ्या, ती ७२ तासांत द्यायची असते.